दुसरा गोलकीपर

क्लोनडॉकिन, डब्लिन
१६ ऑगस्ट २०२०

चि. सौ. सुलेखास, प्रमोदिनीताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून माझं वेडंवाकडं अक्षर वाच. विमानं बंद, मी लेकाकडे, शैलेंद्रकडे, अडकलेय. पण बरंच झालं बाई! आपला नातू गंधार इथल्या फुटबॉल टीमचा गोलकीपर झाला. पगारी हो! जुना सोडून गेला, आणि मालक असा चिक्कू की दुसरा आणायचं नावच काढत नाही. शेजारचे म्हातारेबुवा कुंपणापलीकडून मालकाच्या नावाने बोटं मोडतात. शैलेंद्रही म्हणतो, एवढ्या टीमला एक तरी जादा गोलकीपर नको का. मी त्याला गप्प बसवलं. दुसरा आला तर आपलं पोर बाकावर बसेल ना! मैदानात माणसांना बंदी, आम्ही कॉम्प्युटरवर बघतो. ओरडण्याच्या नादात सूनबाईंची, वृंदाची, पोळी करपली काल.

एक कर. आपल्या गणपतीला माझा नवस बोल, की मालकाने यंदा दुसरा गोलकीपर आणू नये. नारळांचं तोरण बांधू. गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई

सांगली
१२ सप्टेंबर २०२०

ती. ताईस, सुलेखाचा शि. सा. न. वि. वि.

देऊळ बंद आहे. फाटकाबाहेर उभी राहून मोठ्याने नवस बोलले. पुजारीबुवा हसले. म्हणाले, लोक आण म्हणून मागतात, आणू नको म्हणणारी तुझी बहीणच पहिली. आमच्या ह्यांना मात्र चैन नाही. एकच गोलकीपर, आणि तोच पडला तर, असं विचारत बसतात. मी त्यांना अभद्र बोलू नका म्हणून दटावलं. गंधारला जपून पडायला सांग. धाकटीची आठवण असू दे.

सुलेखा

क्लोनडॉकिन
२८ मार्च २०२१

चि. सौ. सुलेखास आशीर्वाद. वि. वि.

तुझी पत्रं आली, पण माझ्याने लिहवलं नाही. ऑक्टोबरात गंधार मनगटावर पडला. सुजलं. बदली कोणी नव्हताच, मग पट्टी आवळून हंगाम संपेतो खेळला. विचारलं की इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे एकदम ठीक, म्हणायचा. मीही हळद लावून पाठवत राहिले, हौसेने. आत हाड मोडलेलं होतं गं. ब्युमॉन्ट हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण मनगट पुरतं वळत नाही. गोलकीपरचं काम आता कायमचं बंद. मालकाने एक सोडून दोन नवे आणले. म्हातारेबुवा खूश आहेत.

घरात सगळे मालकाला बोलतात. मी कुठल्या तोंडाने बोलू? देवाने माझंच ऐकलं. देऊळ उघडलंय ना, तोरण बांधून ये. बोललेलं ठेवू नये. काय मागितलं होतं ते गंधारला कधी कळू देऊ नकोस.

काल टीमचा सामना लागला. मला वाटलं, उठून जाईल. बसला. नव्या पोराकडे चेंडू आला की ह्याचं अंग सोफ्यावर त्या बाजूला झुकतं. वृंदाने आवाज बंद केला, तरी झुकतच होता.

ह्या म्हातारीला टाकू नकोस.

ताई