आत्याच्या दाराचं कुलूप

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरा घालायला वाकलो की कमरेत उसण भरते, तेव्हा तूर्त कागदावरचाच गोड मानून घे.) आम्ही सगळे ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण 'मला काय धाड भरलीय' यापलीकडे तू काही लिहिणार नाहीस. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडलीस आणि दुपारभर तशीच पडून राहिलीस, हे मला तुझ्या शेजारच्या मास्तरीणबाईंकडून कळावं? फार राग आला. तो अजून आहे.

इकडे राहायला ये म्हटलं की तुझं एकच पालुपद, घराला धड कुलूप नाही, उघडं टाकून कशी येऊ! अगं, आई गेल्यावर ज्या पोराला तू पोटाशी धरून वाढवलंस, तो कुलपांच्या कारखान्यात नव्या कुलपांची आखणी करतो आणि तू त्यालाच हे ऐकवतेस? शिंप्याच्या आत्यानं अंगावर घालायला काही नाही म्हणून घरी बसावं, त्यातलीच गत. तेव्हा ठरवलं, या बाईला सबबच ठेवायची नाही. बसलो आणि एक कुलूप केलं. त्याची कडी दोन्ही बाजूंनी पोलादी खांद्यांत अशी दडवली की कटरला पकडायला काही मिळू नये. किल्लीच्या भोकामागे एक सुटी चकती बसवली. ड्रिल लावलं की तीही त्याच्याबरोबर गरगर फिरते आणि भोक काही पडत नाही. (साहेबांशी माझी चर्चा होते ती साधारण अशीच.)

आमच्याकडे शिरस्ता असा, की नवं कुलूप आधी करणाऱ्याच्याच घराला लावायचं आणि ते फोडायला कारखान्यानं आपला माणूस पाठवायचा. त्यांना आम्ही चोरमामा म्हणतो. अतिशय सज्जन गृहस्थ. घर फोडायला येण्याआधी निरोप धाडतात, आणि चपला बाहेर काढतात. ते आले तेव्हा मी कामावर होतो आणि तुझी सून बाजारात. (मुद्दाम गेली; म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत दारावर घण पडलेला मला बघवणार नाही.) समोरच्या आजींनी त्यांना पाहिलं. पण आरडाओरडा करायचा सोडून बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "दमाल हो. ही माणसं संध्याकाळशिवाय येत नाहीत, सावकाश होऊ द्या." असा शेजार मिळायला नशीब लागतं.

मी परतलो तर कुलूप जसंच्या तसं. ओरखडा म्हणशील तर एखादा. पण आत्या, दार सताड उघडं! कोयंडाच स्क्रूंसकट उपटून आला होता आणि माझं अभेद्य कुलूप त्याला बिलगून जमिनीवर पडलं होतं. मी सगळी अक्कल कुलपात ओतली आणि ते ज्याच्या आधारानं लटकणार, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चोरमामांना इतकं वाईट वाटलं, की मी येईपर्यंत ते दाराशी राखण करत बसले होते. तुझी सून पिशव्या घेऊन आली आणि म्हणाली, "चोर बसवूनच घेतलाय, तर आता जेवायलाही थांबवा." थांबवलं. दोनदा भात घेतला त्यांनी.

मग कोयंडाही नवा केला. दाराच्या आरपार जाणारे बोल्ट, आणि पट्टी मिटली की त्यांची डोकी तिच्याखाली झाकली जातात. चोरमामा पुन्हा आले, घामाघूम झाले आणि त्यांनी हात टेकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला भरून आलं गं. चोर बाहेर राहील, पण आत तू पुन्हा घसरलीस तर हे कुलूप तुला थोडंच उचलणार आहे? मला भीती वाटते, आत्या. रात्री फोन वाजला की आधी तुझंच नाव तोंडात येतं. तेव्हा आता हट्ट पुरे. पोरांनी तुझी खाट खिडकीपाशी लावून ठेवलीय आणि तिच्यावर कोण झोपणार यावरून रोज भांडतात.

तुझाच,
टक्कल पडलेला बाळ

ता. क. सोबतच्या पार्सलात कुलूप आणि कोयंडा आहे. बसवायला सुतार येईल, त्याच्यावर खेकसू नकोस.

ता. क. पुन्हा. पार्सलात किल्ली शोधू नकोस, पाठवलेलीच नाही. कुलूप उघडंच पाठवलंय, दाबलं की लागतं. तेव्हा सामान घेऊन बाहेर ये, मगच दाब. नंतर कुणाकडून फोडून घ्यायचा विचार मनात आला, तर हे पत्र पुन्हा एकदा वाच.

ता. क. शेवटचा. किल्ल्या तुझ्या सुनेनं लपवून ठेवल्यात. कुठे, ते मलाही सांगत नाही. म्हणते, आत्या 'घरी परत निघते' म्हणाल्या की तुम्ही लगेच काढून द्याल.