लिंपलेलं मडकं

प्रिय जानकी,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘अगं’ सोडून दुसरी हाक मी बायकोला कधी मारली नाही. आज पहिल्यांदाच नाव लिहितोय बघ! काल आपल्या डोंगरउतारावरच्या वरकसावर पाला-शेण जाळून राब भाजला. रोपांचा वाफा तयार आहे आणि पेरायला घरात नागलीचा एक दाणा नाही. का नाही, ते वांगणीला दिलेल्या आपल्या मंजुळाला फोनवर सांगितलं. तुला सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

तुझ्या बाराव्याला भाकरीचं पीठ कमी पडत होतं. कोपऱ्यात मडकं दिसलं, तोंड शेणानं लिंपलेलं. मी ते फोडलं, नागली पिशवीत ओतली आणि जामसरला गिरणीवर दळून आणली. पंगतीत कुणीतरी म्हणालं, “भाकर कचकचते रं.” राख होती ती, तू बियाण्याला चोळलेली! लिंपलेलं मडकं म्हणजे बियाणं, हे वाडीतल्या पोरासोरांना कळतं. मला कळलं नाही. आणि मी कोण? नागली लागवडीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेला माणूस!

सातबाऱ्यावर नाव माझं, म्हणून प्रशिक्षणाला मी गेलो. चहा-बिस्किटं खाल्ली, फोटोत उभा राहिलो. तू त्या दिवशी राबासाठी पाल्याचे भारे वाहत होतीस. जव्हारच्या ऑफिसात लोकांचे अर्ज मी नीट लावतो, पण घरातलं बियाणं कोणतं आणि खायचं कोणतं, एवढं तरी तुला कधी विचारलं का?

तू सगळ्यांच्या शेवटी जेवायचीस, टोपल्यात उरेल ते. मला वाटायचं, तुला भूकच कमी. लाज वाटते गं हे लिहिताना. नर्सबाईंनी तुझ्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि मला बजावलं, रक्त फार कमी आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. मी काय म्हणालो? “झोडणी आटपू दे, मग जाऊ.”

उरलेली झोडणी मंजुळानं केली.

तू तरी का ऐकलंस माझं? एकदा भांडायचं होतंस! पण नको, हाही दोष तुझ्यावर कशाला ढकलू?

आज मंजुळा आली. मला वाटलं, चिडेल. तिनं पदराची गाठ सोडली. “आईनं लग्नात माझ्या ओटीत नागली घातलेली. दरसाल पेरते मी. त्यातलीच आणलीय. पण बाबा, आवणीला रोपं लावायला तुम्ही वाकायचं हां. बाप्ये हसले तर हसू दे.”

मी हो म्हटलं. मग ती दारात उजेडाला बसली, तेव्हा तिच्या पापण्यांच्या आतल्या कडा पाहिल्या. तुझ्यासारख्याच पांढुरक्या. म्हटलं, चल, दवाखान्यात जाऊ. तर म्हणते, “आवणी आटपू दे बाबा, मग जाऊ.”

जानकी, क्षणभर वाटलं, तूच बोललीस. पण नाही गं. ते बोल माझे होते. माझ्याच घरात शिकली ती.

आत्ता मी तिला वाढलंय. ती जेवतेय, मी मागून बसेन. यंदा आवणीला मी वाकेन, बियाण्याची कणसं मी वेचेन, मडकंही मीच लिंपेन. चुकलो तर मंजुळाला विचारेन. पण हे सगळं नंतर. उद्या पहिल्या एसटीनं तिला दवाखान्यात घेऊन निघतो.

आवणी थांबेल.

तू हाक मारायचीस तोच,
मंजुळाचा बाबा