गंजाच्या पुढं दोन बोटं

आबा, आज तुमच्या जीपचा पत्रा कापला. ड्रायव्हरच्या पायाखालचा. बारा वर्षं ती कासारवाडीच्या आपल्या शेडमागं ताडपत्रीखाली उभी होती, आणि बारा वर्षं मी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतो. लोकांच्या गाड्या रोज उघडतो, पण दारातल्या या गाडीला हात लावायचा म्हटलं की मला नेमकं दुसरं काहीतरी काम आठवायचं. शेवटी आईच म्हणाली, "एक तर चालती कर, न्हाईतर भंगारात घाल. उभ्या उभ्या कुजतीय, माझ्याच्यानं बघवत न्हाई." म्हणून आज सुट्टी बघून ताडपत्री ओढली. उंदरांनी सीटचा काथ्या पार उपसून ठेवला होता. सीट काढली, रबरी मॅट उचलली, आणि खाली तुमची खडूची रेघ. तुम्ही ओढली होतीत तशीच, एका टोकाला जरा वर चढलेली.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी आपण गाव सोडून इकडं आलो. तुम्ही कंपनीत पत्राकामाला लागलात आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये बाहेरच्या गाड्या घ्यायला लागलात. ही जीप मात्र आपली स्वतःची, मिलिटरीच्या लिलावातली. ओढून आणली तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "गाडी आणली का चाळण?" तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग खिशातला खडू काढला आणि लागलीच कामाला बसलात. तुमची पद्धत ठरलेली. रंगावर कधी जायचं नाही. लहान हातोडीनं पत्रा वाजवत जायचं, डोळे मिटून. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला बद्द वाजतो. आवाज बदलला तिथं खूण करायची, आणि खुणेच्या पुढं, चांगल्या पत्र्यात, दोन बोटं जाऊन रेघ ओढायची. कापायचं त्या रेघेवर. "चांगला पत्रा कापताना जीव तुटतो माणसाचा," तुम्ही म्हणायचा, "पर त्यो कापल्याबिगर गाडी वाचत न्हाई."

मला हे पटायला वेळ लागला. आठवतंय, दिघीच्या त्या भाजीवाल्याची व्हॅन? मी बावीस वर्षांचा, आयटीआय करून कंपनीत चिकटलेला, म्हणजे अक्कल नुसती उतू चाललेली. दाराची खालची कड कुजली होती. मी भोकाएवढंच कापलं, ठिगळ लावलं, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून असा रंग मारला की दारात तोंड दिसावं. तुम्ही आलात, पायताण न काढता खाली बसलात आणि बोटाच्या पेरानं दार वाजवलंत. मग छिन्नी उचलली आणि माझं सगळं काम भाजीवाल्यासमोर टराटरा फाडून ठेवलंत. "वरून कीर्तन, आतून तमाशा! झाकलास व्हय गंज? त्यो काय लाजून निघून जाणार हाय?" भाजीवाला बिचारा म्हणत होता, "असू द्या हो, चांगलं दिसतंय की." तुम्ही त्याच्यावरही डाफरलात. मी दोन दिवस तुमच्याबरोबर जेवायला बसलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या ताटाशेजारी तुमची ती लहान हातोडी ठेवलीत, झिजून तुमच्या मुठीच्या आकाराची झालेली, आणि भाकरी मोडत म्हणालात, "कान तयार कर, बाकी हात बरा हाय तुझा." आबा, ती हातोडी आजही माझ्याजवळ आहे.

मग तुमचा पाय. जीपची ही रेघ कापायची बाकी होती तेव्हाच. पत्र्याची कापलेली पट्टी अंगठ्यावर पडली. तुम्ही हळद दाबली, फडकं बांधलं आणि कामावर गेलात. साखर होती हे ठाऊक असून गेलात. दुखणं अंगावर काढायची तुमची जुनी खोड, आणि पायाला तर म्हणे दुखतच नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा आई चूल सोडून धावत आली होती, कारण तिला वास आला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. मी विचारलं, नुसती बोटं काढून नाही भागणार? ते म्हणाले, "भागेल असं मी म्हणणार नाही. तुम्ही हट्टच धरलात तर बोटांपासून सुरुवात करू, पण माझा सल्ला तो नाही." अगदी स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी. मी आत आलो. दुपारची वेळ, आई डबा आणायला घरी गेलेली. तुम्ही उठून बसला होता आणि घोट्यापासून वर अंगठ्यानं पाय दाबत चालला होता, डोळे मिटून. मला म्हणालात, "शर्टातला खडू दे." मला वाटलं तापात बरळताय. पण दिला. तुम्ही नडगीवर एका जागी थांबलात, "हितनं जिवंत लागतंय" म्हणालात, दोन बोटं मोजलीत आणि पायावर रेघ ओढलीत. "डॉक्टरला दाखव. हितनं."

आबा, मी ती रेघ रुमालानं पुसली. तुमच्या डोळ्यांदेखत. काय काय बोललो मी! पत्र्याचं काम उकिडवं बसून करायचं असतं, एका पायावर कसं बसाल, काहीतरी बोलू नका, बोटांवर भागेल असं डॉक्टरच म्हणतायत. धडधडीत खोटं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. कुजलेलं काय आणि चांगलं काय, हे तुम्हाला माझ्या आवाजावरून कळलं नसेल असं मी कसं मानू? तरी म्हणालात, "बरं. सही तुझी हाय. तू म्हणशील तसं." आयुष्यभर कुणाचं अर्धवट काम खपवून घेतलं नाहीत, माझं तेवढं खपवून घेतलंत. कागदावर मी सही केली. बोटं काढली. आठ दिवसांनी घोटा, मग गुडघा, आणि त्यानंतर कापण्यासारखं काही राहिलंच नाही. तुमच्या कामाचं कारण मी उगाच पुढं केलं होतं. तुम्ही बसून हातोडी चालवली असती, खुर्चीवर बसून माझ्यावर ओरडला असता. तुम्हाला कुबडीवर बघायची माझी छाती नव्हती, एवढंच. पाय तुमचा होता आणि भीती माझी.

आईला हे माहीत नाही. ती अजून त्या डॉक्टरांना शिव्या घालते. "मेल्यानं अर्ध्यात सोडलं," म्हणते, "एकदाच नीट कापला असता तर माणूस राहिला असता." बारा वर्षं मी मान हलवतोय. एकदा तर "व्हय, त्यांचीच चूक" असंही म्हणालो.

तर आज हातोडी घेऊन जीपचा पत्रा वाजवला. गंज तुमची रेघ ओलांडून चार बोटं पुढं गेला होता. म्हणजे आता नीट कापायचं तर तुमची रेघ कापलेल्या पत्र्याबरोबर जाणार. दुपारपर्यंत मी खडू हातात धरून नुसता बसून होतो. रेघेपाशीच थांबावं, पुढचं घासून लांबी भरावी, कुणाला कळणार आहे, असं खरंच मनात आलं. एवढं सगळं होऊनसुद्धा आलं. मग डोळे मिटले, पुन्हा वाजवत गेलो, खणखणीत लागलं तिथून दोन बोटं मोजली आणि कापलं.

आई ड्रमवर बसून बघत होती. पत्रा निघून खाली पडला तेव्हा वाकून तिनं विचारलं, "ही त्यांची रेघ का रं?"

"व्हय."

"मग तिच्या पुढं का कापलंस?"

"गंज पुढं गेला होता, आई. तेव्हाच त्यांच्या रेघेवर कापलं असतं, तर एवढ्यात भागलं असतं."

तिनं पदरानं तो तुकडा पुसायला घेतला, आणि रेघेपाशी आल्यावर हात मागं घेतला. "बघ," ती म्हणाली, "तुला कळतंय. त्या डॉक्टरला का कळलं न्हाई?"

ती माझ्याकडं बघत होती. शेडमागं दुसरं कुणी नव्हतं. मी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गॅस पेटवला. आबा, आजही मी तिला काही सांगितलं नाही.