लाऊबाईंच्या हॉटेलातला लाल गालिचा

१ जून
समुद्रकाठच्या वॉर्नंबूलला पोचले! व्हॅन पोचली, गालिचे धुण्याचं मशीन पोचलं, आणि मिल्ड्युरापासून इथवर गाडी हाकूनही कंबर शाबूत आहे. खोली गॅरेजच्या मागे, खिडकीतून समुद्राचा वारा. सामान न उघडताच लाऊबाईंच्या चायनीज हॉटेलात गेले. गालिचा साफ करायच्या वर्षाच्या कंत्राटासाठी त्यांनी दर मागवले होते. बाकीच्यांनी फोनवरच आकडे सांगितलेले. मी गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराच्या दारापासूनचा तेलकट पट्टा चाचपला, च्युइंगगम नखाने उकरून पाहिलं, मग दर सांगितला. सगळ्यांत कमी. लाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "आधी हे काम करणारा कॉलिनही असाच खाली बसायचा. म्हातारा झाला आता, पण दर काही उतरवत नाही." कंत्राट मला! दर सोमवारी, हॉटेल बंद असताना. त्या आनंदात मासे आणि चिप्स.

१० जून
पहिली सफाई. औषधाचा फवारा, मग गरम पाणी मारून ओढून घ्यायचं. टाकीत काळंकुट्ट पाणी आलं. दुपारी कॉलिन दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, छातीत खोकला. भांडायला आला असेल म्हणून मी मशीन बंद केलं. तो म्हणाला, "इथे जून-जुलै म्हणजे हिवाळा, पाणी बेताने मार पोरी. सुकत नाही, मग वास धरतो." एवढ्या दरात तुझं भागणार नाही, असंही म्हणाला. खरं आहे. म्हणून तर आणखी हॉटेलांना दर देत फिरतेय, तेही पाडूनच.

१७ जून
कॉलिन गुरुवारी वारला. लाऊबाईंनी त्याच्या घरी जेवण पाठवलं. मी पोचले तर गालिचा ओला. स्वच्छ. मशीन फिरवल्याच्या सरळ रेघा पार भिंतीपर्यंत. वाटलं, बाईंनी दुसऱ्या कुणाला बोलावलं. पण त्या माझंच कौतुक करायला लागल्या, सकाळीच उरकलंस म्हणून. एक काम वाचलं, एवढंच डोक्यात आलं. फार दमलेय.

२४ जून
आजही तेच. मशीन व्हॅनमधून उतरवलंसुद्धा नाही, तरी अंग ठणकतंय. गुडघे सोललेत. कातडीला त्या औषधाचा वास. मनगटावरची भाजल्याची जुनी खूण पुसट झालीय — शोधावी लागली.

१ जुलै
झोपते, उठते, तशीच दमलेली. पेट्रोलपंपावरच्या बाईने माझ्या मागच्या माणसाला आधी विचारलं. मी तिच्या समोर उभी होते. आरशात ओठांना रंग नाही —

८ जुलै
कंत्राट सोडते म्हणून सांगायला गेले. लाऊबाई आवाजाच्या दिशेने बघत राहिल्या, मग मी दिसले. म्हणाल्या, "असं करू नकोस गं रोवीना. दर सोमवारी जिन्यावरून बघते ना मी. टोपी घालून, पाठमोरी, गुडघ्यांवर. किती जीव लावून करतेस!"
माझ्याकडे टोपी नाही.

१५ जुलै
सकाळपासून हॉटेलात बसलेय. तोंडावर सांगणार कॉलिनला. काम तुझंच, घे परत, मला सोड. तोवर हे लिहीत बसते —
आला.
रागावलेला नाही. किती थकलाय.
सांगितलं. मान हलवली त्याने. काम नकोय त्याला. घरी जायचंय म्हणतो. एकच डाग राहिलाय, इतके सोमवार घासतोय, निघत नाही —
कुठे आहे डाग? गालिचा तर लख्ख —
म्हणतो, जरा सरक.
सरकले.
डागही माझ्याबरोबर स