बाईंच्या पत्राआधी

नाशिक,
१० एप्रिल १९८३

प्रिय जयराम,

दोन वर्षांत साधं कार्ड नाही आणि आज एवढं जाड पाकीट, म्हणजे सहाद्या मेला की काय, असं तुला वाटेल. मेलो नाही. पिठाच्या गिरणीत लोकांची दळणं दळत होतो, आणि लंका म्हणते तसं, घरी आल्यावर तिचा जीव दळत होतो. आता मात्र बातमी आहे. गंगापूर रोडकडच्या एका शाळेत मला गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेताहेत. सध्या शिकाऊ आहे, जूनला शाळा उघडली की कायम. एकच गोष्ट राहिली आहे. पोरं या माणसाच्या हाती द्यायला हरकत नाही, असं माझ्याबरोबर काम केलेल्या कुणाकडून तरी मुख्याध्यापिकाबाईंना लेखी हवंय. आठ वर्षं तू माझा कंडक्टर. मी तुझं नाव आणि नामपूरचा पत्ता देऊन टाकला.

शिकाऊ म्हटल्यावर हसू नकोस. सोळा वर्षं घाट उतरवलेल्या माणसाला चिमाजीनं पहिला महिनाभर चाकाला हात लावू दिला नाही. चिमाजी हा शाळेचा जुना ड्रायव्हर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून या महिन्याअखेर घरी बसणार. त्यानं मला शेजारी बसवून एकोणचाळीस पोरांची नावं पाठ करून घेतली. कोण कुठं उतरतं, कुणाला न्यायला आजी येते, कुणाची आई कामावर असते म्हणून शेजारीण येते, सगळं. मग गाडी हातात दिली. पहिल्याच दिवशी एक पोरगी उतरली, मागून बेल झाली, मी सवयीनं गिअर टाकला, तसा म्हातारा खेकसला, “बेल झाली म्हून निघायचं नाय. पोरीचा हात घरच्या मान्साच्या हातात दिसंल, तवा निघायचं. ही काय तुझी सुरगाण्याची गाडी हाय का?” तो सहज बोलला, पण आपल्या त्या फेरीचं नाव ऐकून पुढच्या थांब्याला मी इंजिनच बंद केलं.

लंका फार खूश आहे. खाकी कापड आणून शिंप्याकडून सदराही शिवून घेतलाय. पोरं मला ड्रायव्हरकाका म्हणतात, हे तिनं गल्लीतल्या प्रत्येक घरी दोन-दोनदा सांगितलंय. घाटातल्या त्या अपघातानंतर मी एस.टी.चा राजीनामा दिला तेव्हा तिनं एका शब्दानं बोल लावला नव्हता. आमच्या माणसाचं काळीज हळवं, असं सांगायची सगळ्यांना. खरं सांगू, मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तुझा पाय कसा आहे? थंडीत फार ठणकतो, असं डेपोतला पुंजा सांगत होता. आणि हेही सांगत होता, की तू अजून चारचौघांत म्हणतोस, सहाद्यानं शेवटपर्यंत चाक सोडलं नाही. जयराम, ते ऐकलं आणि मी पुंजाला चहाही न विचारता उठून गेलो.

आपली खूण आठवते ना? जेवणानंतरच्या फेरीला मला झापड यायची. म्हणून तू मधूनच बेलची दोरी तीनदा ओढायचीस आणि मी हॉर्न द्यायचा. हॉर्न आला म्हणजे सहाद्या जागा आहे. उतारूंना ती आपली गंमत वाटायची. चौकशीत तू हेच सांगितलंस, की वळणाच्या आधी मी बेल दिली, हॉर्न आला, म्हणजे ड्रायव्हर जागा होता, ब्रेकनंच दगा दिला. गाडीचं असं भुस्कट झालं होतं की तपासायला काही उरलं नव्हतं. सगळ्यांनी तुझा शब्द मानला. त्या गाडीतली भागुबाई आणि तिच्या वाडीतले तिघं द्राक्षाच्या मळ्यात कामाला निघाले होते. चौघांचीही प्रेतं दरीतून झोळीत वर आणली.

मी झोपलो होतो, जयराम. ब्रेकला काही झालं नव्हतं. मी तो दाबलाच नाही. मला तुझी बेल आठवत नाही आणि माझा हॉर्नही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर रस्ता नव्हता. तू शपथेवर बोललास ते तुझ्या परीनं खरंच होतं, आणि मी शेजारी मान खाली घालून उभा राहिलो. पुढं पुढं तर माझंच मला वाटायला लागलं, की हॉर्न दिला म्हणजे मी जागाच असणार. झोपेत कुणी हॉर्न देतं का?

देतं. गेल्या मंगळवारी कळलं. सकाळची शाळा सुटलेली, ऊन रणरणत होतं, गाडीत अकरा पोरं उरली होती. एका पोरीनं खेळता खेळता दोरी तीनदा ओढली. मला जाग आली ती माझ्याच हॉर्ननं. गाडीचं डावं चाक रस्ता सोडून मुरमावर गेलं होतं आणि पुढं कालवा होता. मी हातातलं चाक फिरवून गाडी रस्त्यावर घेतली. चिमाजी म्हणाला, “कोणाला देतो रं हॉर्न? रस्ता तर मोकळा हाय.” त्याला धड दिसत नाही. मागं पोरं गाणं म्हणत होती. कुणालाच काही कळलं नाही.

त्यानंतर मी तीनदा बाईंच्या खोलीपर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. लंकाला सांगायला बसलो, तर तिनं खाकी सदरा माझ्या अंगाला लावून बघितला. मग मी तो अंगात घालून दाखवला. माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही रे. मी गप्प राहिलो तर तेरा जूनला मी एकटा ती गाडी काढीन, एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे. बाईंचं पत्र या आठवड्यात तुझ्याकडे येईल. माझ्यावरच्या मायेनं चार चांगल्या ओळी लिहिशील, म्हणून त्याआधी हे पाठवतोय. तसं लिहू नकोस. जे वाचलंस ते सगळं त्यांना कळव, हवं तर हेच पाकीट पाठवून दे. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण त्यांना दे.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
सहादू