सरळ तोंडाची टाकी, उलटा काटा आणि एक अप्रमाणित काठी

प्रति,
माननीय वरिष्ठ अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय,
पहिला मजला (कठडा सुटलेल्या जिन्याने वर).

विषय : इंजिन बदललेल्या जुन्या ट्रकची इंधनप्रणाली नापास केल्याबाबत, व येत्या तीस तारखेच्या आत फेरतपासणीची तारीख मिळणेबाबत.

संदर्भ : १) निरीक्षक साहेबांचा दि. ११ चा लेखी शेरा.
२) खिडकी क्रमांक चारची तोंडी उत्तरे, दि. १२, १३ व १६.
३) अर्जदाराच्या वडिलांची काठी.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, व्यवसायाने वेल्डर. पत्र्याच्या टाक्या, धुराडी आणि जिन्याचे कठडे करते (वरील पत्त्यातला कंस त्यामुळेच आला, तो विषय वेगळा आहे, सवडीने बोलू). सदर ट्रक माझ्या वडिलांचा असून त्यांनी तो एकतीस वर्षे लाकडाच्या वखारीसाठी चालवला. पुढे इंजिन जाम झाले आणि ट्रक अकरा वर्षे आमच्या शेडमध्ये उभा राहिला. त्या काळात वडील रोज सकाळी त्याची काच पुसत. कुठे जायचे नसताना काच कशाला पुसता, असे आई विचारी. ते फडके झटकून पुन्हा पुसू लागत. गेल्या वर्षी मी एका उलटलेल्या प्रवासी व्हॅनचे धडधाकट इंजिन आणून ट्रकमध्ये बसवले. इंजिनबदलास आपल्याच कार्यालयाने रीतसर मान्यता दिली आहे, त्याबद्दल आभारी आहे. घोडे अडले आहे ते पेट्रोलपाशी.

२. जुने इंजिन घोट घोट पेट्रोल पिणारे होते. नव्या इंजिनाला तेच पेट्रोल दहा-बारा पट दाबाने लागते. जुन्या रबरी नळ्यांनी तो दाब सोसला नसता, म्हणून मी सगळी व्यवस्था नव्याने केली : टाकीच्या पोटात विजेवर चालणारा पंप, तिथून इंजिनापर्यंत पोलादी नळी, मध्ये गाळणी, आणि इंजिनाला नको असलेले पेट्रोल टाकीत परत आणणारी दुसरी नळी. पहिल्या टाकीत मी शहाणपणा करून आतले पडदे घातले नाहीत. परिणामी शेडच्या आवारात डावीकडे वळले की सगळे पेट्रोल एका कुशीला जाई, पंप हवा गिळे आणि इंजिन खोकू लागे. वडील तेव्हा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "पोरी, तू पाण्याची टाकी केलीस. तिला कुठं वळणं घ्यायची असतात?" पेट्रोल लागलेल्या टाकीजवळ वेल्डिंग करण्याइतकी मी जिवाला कंटाळलेली नाही, म्हणून दुसरी टाकी अथपासून केली. तिच्यात भोकांचे तीन पडदे आहेत. हवा भरून आणि साबणाचे पाणी लावून सांधा न सांधा तपासला आहे. एकही बुडबुडा आला नाही, हे मी शपथेवर सांगते.

३. निरीक्षक साहेबांनी चार आक्षेप घेतले. पहिला, टाकी मूळ जागी नाही. मूळ जागा चालकाच्या पाठीमागे, केबिनच्या आत होती. म्हणजे वडील एकतीस वर्षे पाठीला भरली टाकी लावून आणि ओठात सिगारेट धरून बसत होते, आणि हे आपल्या नियमात बसत होते. मी टाकी खाली चौकटीच्या दोन दांड्यांमध्ये नेली आणि आता ती नियमात बसत नाही. दुसरा, टाकी स्वयंपाकघरातल्या भांड्यासारखी दिसते. ती मी घासून चकचकीत केली, हा गुन्हा मान्य आहे. काळा रंग देते. तिसरा, पेट्रोल भरण्याचे तोंड वाकडे असायला हवे ते सरळ का? त्याचे कारण काठी. चौथा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातही काठी आहे, म्हणून आधी काठीचे सांगते.

४. वडिलांनी पेट्रोलच्या काट्यावर जन्मात विश्वास ठेवला नाही. त्यांच्याकडे एक कमरेएवढी काठी आहे, तिच्यावर चाकूने बारा खाचा पाडल्या आहेत. ट्रक हलवण्यापूर्वी ते ती टाकीत बुडवतात, बाहेर काढतात, ओली खाच बोटाने दाबतात आणि मग गाडीत चढतात. काठीसाठी तोंड सरळच पाहिजे, असे त्यांनी बजावले होते. बापाचा शब्द आणि नियमावली यांत मी बापाचा शब्द उचलला. नव्या टाकीसाठी खाचा पुन्हा पाडाव्या लागल्या, त्यासाठी ते दोन दुपारी मापाने पेट्रोल ओतत बसले होते.

५. आता एक कबुली. ट्रकची वायरिंग माझ्या यजमानांनी केली. तो त्यांचा धंदाच आहे. टाकीतला तरंगता मापक व्हॅनचा आला आणि समोरची तबकडी वडिलांनी जुनीच ठेवायला लावली. दोघांची भाषा जुळली नाही. टाकी भरली की काटा रिकामे दाखवी, रिकामी झाली की भरलेले. यजमान म्हणाले, वाचता येतंय ना, मग झालं. आणि त्यांनी तबकडीखाली 'उलटा वाचावा' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांच्याशी मी त्यावर चार दिवस बोलले नाही. वडील मात्र खूश होते. गाडी जितकी चालवावी तितका काटा भरत जातो, असला काटा आपल्याला आयुष्यात प्रथमच मिळाला, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

६. दि. ११ रोजी मी ट्रक तपासणीस आणला. चालवला मी, कारण वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि डॉक्टरांनी अठरा तारखेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही म्हणून सांगितले होते. ते शेजारी बसले आणि चार किलोमीटर माझ्या गियर टाकण्यावर बोलत राहिले. आपल्या सूचनाफलकात 'वजनासाठी टाकीत किमान इंधन असावे' असे आहे, म्हणून मी किमान आणले. निरीक्षक साहेबांनी आवाज मोजण्यासाठी इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि ते चहाला गेले. चहा एक तास दहा मिनिटांचा होता. तोवर किमानाचेही किमान झाले. परत येऊन ते रस्त्यावरच्या चाचणीसाठी स्वतः चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी आपली फाइल तबकडीपुढे टेकवली, नेमकी चिठ्ठीवर. चाचणीच्या वेळी अर्जदाराने गाडीत बसू नये असा नियम असल्याने मी खालीच होते. खालून ओरडून मी काट्याचे सांगितलेही, पण इंजिनाच्या आवाजात ते त्यांच्यापर्यंत गेले नाही. आवाज मोजून पास झाला होता, म्हणून त्याची तक्रार नाही.

७. ट्रक चढावर थांबला. निरीक्षक साहेब भर उन्हात फाइल डोक्यावर धरून चालत आले. शेरा त्यांनी उभ्यानेच लिहिला : 'टाकी पूर्ण भरलेली असूनही इंजिनास इंधन पोहोचत नाही. इंधनप्रणाली मुळातच सदोष.' हा चौथा आक्षेप. तेव्हा वडील काठी घेऊन चढावर गेले. मी आणि साहेब मागोमाग. वडिलांनी टाकीत काठी बुडवली, बाहेर काढली आणि साहेबांपुढे धरली. काठी कोरडी ठणठणीत होती. ते म्हणाले, "साहेब, काठी खोटं बोलत नाही."

साहेब म्हणाले, "काठी प्रमाणित उपकरण नाही." आणि शेऱ्यात पाचवी ओळ वाढली : 'वाहनासोबत अप्रमाणित काठी आढळली.'

८. मी काठी प्रमाणित करून घ्यायला वजनमापे कार्यालयात गेले. तिथे फक्त पूर्ण मीटरच्या काठ्या प्रमाणित होतात. आमची काठी चार बोटे कमी भरली. जोड देऊन आणा म्हणाले. जोड दिलेली काठी टाकीत जात नाही. खिडकी क्रमांक चारचे म्हणणे असे, की काठीचा दाखला आणा, नाहीतर नापास वाहनाच्या नियमाप्रमाणे पंचेचाळीस दिवस थांबा. मधल्या काळात यजमानांनी तबकडीला जुळणारा मापक बसवला. आता काटा सरळ चालतो, चिठ्ठी काढली आहे, आणि वडिलांचे म्हणणे आहे की आधीचाच बरा होता. म्हणजे महोदय, दोष होता तो काट्याचा, आणि तो आमचा होता. नळ्या, पंप, टाकी यांत काडीचाही दोष नव्हता आणि नाही. खरे बोलणारी एकच वस्तू त्या दिवशी तिथे होती, तिच्यावर ठपका आला.

९. पंचेचाळीस दिवस मी थांबले असते. माझ्या हाताला कामे भरपूर आहेत. पण येत्या तीस तारखेला वडील ऐंशी पूर्ण करतात, आणि त्यानंतर जड वाहनाचा परवाना वाढत नाही. हा नियम योग्य आहे, त्याविरुद्ध हा अर्ज नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी आता त्यांना गाडी चालवण्याची लेखी मोकळीक दिली आहे. हे इंजिन बसवल्यापासून त्यांनी ट्रक एकदाही रस्त्यावर चालवलेला नाही. काच मात्र ते आता दिवसातून दोनदा पुसतात, आणि मला ते बघवत नाही. ही सगळी उठाठेव मी कशासाठी केली हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त आम्ही दोघे त्याविषयी बोललेलो नाही.

१०. म्हणून विनंती. नापास वाहन रस्त्यावर आणता येत नाही. मात्र आपल्या नियमावलीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, की तपासणीच्या तारखेचे पत्र जवळ असल्यास वाहन त्या दिवशी कार्यालयापर्यंत आणून परत नेता येते. मला ते पत्र हवे आहे. तीस तारखेच्या आतले. तपासणीत ट्रक पास झाला तर आनंदच आहे. नापास केलात तरी माझी तक्रार राहणार नाही. उलट तसे करणार असाल तर तीसच्या आत आणखी एकदा बोलवावे, आम्ही पुन्हा येऊ. येताना वडील चालवतील, चारही किलोमीटर. चढ त्यांना माहीत आहे. आल्यावर ते आपला परवाना खिडकी क्रमांक चारवर स्वतःच्या हाताने जमा करतील, असे त्यांनी काल जेवताना सांगितले. आम्ही कोणी विचारले नव्हते. परत जाताना मी चालवीन, आणि ते शेजारी बसून गियरवर बोलतील.

या वेळी टाकी भरून आणू. वजन जास्त भरले तर ते पेट्रोलचे समजावे.

पत्राची वाट बघणारी, आपली नम्र व या अर्जापुरती पूर्ण प्रामाणिक,

(सही)
अर्जदार, पत्राकाम व वेल्डिंग,
लाकडाच्या वखारीमागे.
दि. १९

सोबत :
१) इंजिनबदलाच्या मान्यतेची प्रत.
२) डोळ्याच्या डॉक्टरांचा दाखला.
३) 'उलटा वाचावा' ही चिठ्ठी (मूळ, डिंक सुकला आहे).
४) काठी, एक नग, मूळ. हिची छायाप्रत काढता येत नाही. आवक वहीत बसत नाही म्हणून खिडकीवर घेत नाहीत, तरी कोपऱ्यात उभी ठेवून जात आहे. वडिलांनी ती स्वतःहून दिली. टाकी बघितल्याशिवाय ते निघत नाहीत, म्हणून तारखेच्या पत्रासोबत काठी परत पाठवावी. तारीख देणे शक्य नसल्यास काठी आपल्याकडेच राहू द्यावी. घरी आणून तिचे काही काम नाही.