बत्तीस डायऱ्या आणि डिक्कीतलं एक पान

मी, श्रीमती कौशल्या सहदेव हाडोळे, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार अंजनगाव सुर्जी, हल्ली मुक्काम साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "आज वार कोणता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना डायरीतलं त्या दिवसाचं पान दाखवलं. त्यावर त्यांच्याच दवाखान्याच्या चिठ्ठीची कापून केलेली कोंबडी होती. त्यांनी लगेच सही केली.

१. घर. साईनगरचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मुलगा योगेश आणि अकोल्याला दिलेली मुलगी पौर्णिमा यांना निम्मं निम्मं. पौर्णिमा "मले काही नको" म्हणेल. लहानपणी ती जिलेबीलाही असंच म्हणायची आणि मग ताट चाटून ठेवायची. तिचा हिस्सा तिला द्यावाच.

२. बँकेतली ठेव. त्यातून माझी तेरवी करावी. वांग्याची भाजी झणझणीत हवी, पाहुण्यांची तोंडं पाहून मिळमिळीत करू नये. उरेल ते योगेशची मुलगी दामिनी हिच्या शिक्षणाला.

३. डायऱ्या. माझे पती कै. सहदेवराव यांचं अंजनगावला बी-बियाण्यांचं दुकान होतं. दर डिसेंबरात कंपन्यांच्या डायऱ्या येत. त्यांना त्या नको असत, मला हव्या असत. १९९४ पासून मी रोज एक पान सजवलं. बियाण्याच्या पाकिटावरची कापसाची बोंडं, लग्नपत्रिकांतले सोनेरी गणपती, फाटक्या साडीचा काठ, धारणीच्या एसटीचं तिकीट, टिकल्या, सगळं कणकेच्या खळीने चिकटवलेलं. खाली एकच ओळ लिहायची. ज्या दिवशी काही घडलं नाही, त्या दिवशी टिकल्या जास्त.

सहदेवराव म्हणत, "काऊन वं, हे लहान पोरीवानी काय खेळून रायली?"

मी म्हणे, "तुमी दुकान खेळता, मले हे खेळू द्या."

आता दामिनी सांगते की याला जर्नल म्हणतात आणि मुली त्यासाठी विकतचे स्टिकर आणतात. विकतचे! तरीही सगळ्या डायऱ्या मी तिलाच देते, एका अटीवर. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवायच्या नाहीत. त्यातलं आवडेल ते कापावं आणि आपल्या पानावर लावावं. मीही माझ्या आईच्या साड्यांचं तेच केलं.

४. नक्षी कापणारी कात्री. ही शेजारच्या गोदाबाईकडे आठ वर्षांपासून आहे. ती नाही म्हणते. कात्री मी दामिनीला देते, दामिनीने गोदाबाईच्या शिलाई मशीनचा डावा खण उघडून पाहावा.

५. सुंदराबाई. ही माझ्या रक्ताची नाही. बस स्टँडजवळ तिची मुंगवड्याची गाडी आहे. २०१८ साली माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी पौर्णिमाकडे अकोल्याला होते. इकडे योगेशने घराचं रंगकाम काढलं आणि जागा करायला तीन डायऱ्या रद्दीत दिल्या. २०१४, १५ आणि १६. परत आल्यावर एसटीतून उतरले, वडे घेतले, तर पुड्याचा कागद म्हणजे माझ्याच डायरीतलं पत्त्यांचं पान. मी तिथेच रडायला लागले.

सुंदराबाई म्हणाली, "थांबा ना बाई. चित्राचे कागद म्या बाजूले काढून ठेवले. इतक्या चांगल्या कागदात वडे कायले बांधू? मले वाटलं, कोन्या शायेतल्या पोट्टीचं हाय."

तिने खोक्यातून गठ्ठा काढला. दोन वर्षांची बहुतेक पानं होती. काहींच्या कोऱ्या कडांवर तेलाचे डाग पडले होते आणि प्रत्येक डागाला तिने पेनाने चोच आणि पाय काढले होते. तिला वाचता येत नाही. माझ्या डायऱ्या न हसता पाहणारी ती पहिली बाई. माझा टिकल्यांचा डबा, रंग आणि कपाटातल्या सगळ्या कोऱ्या डायऱ्या मी तिला देते. तिला साक्षीदारही करणार होते, पण जिला काही मिळायचं ती साक्षीदार चालत नाही, असं वकील म्हणाले.

६. योगेश. २०१६ च्या डायरीतलं एक पान मात्र सुंदराबाईकडे नव्हतं. जाण्याच्या सहा दिवस आधी सहदेवरावांनी खाटेवरून पेन मागितला आणि जन्मात पहिल्यांदा एक चित्र काढलं. मी, डोक्यावर अंबाडा, हातात माझ्याहून मोठी कात्री. खाली बिलाच्या अक्षरात, 'कौशल्या, कामात आहे.' ते पान गेलं म्हणून मी योगेशशी चार महिने "वाढू काय?" याच्यापलीकडे बोलले नाही. परतवाड्याच्या कोण्या प्रवाशाने वडे खाऊन ते फेकलं असेल, असं मी धरून चालले.

मागच्या दिवाळीत दामिनी मला योगेशच्या स्कूटरवर बँकेत नेत होती. पंचवटी चौकात पोलिसाने कागद मागितले. ती त्याच्याशी बोलत असताना मी डिक्की उघडली. गाडीच्या कागदांत ते पान होतं. लॅमिनेट केलेलं. (लॅमिनेशनबद्दल माझं मत घरात सगळ्यांना ठाऊक आहे.) म्हणजे डायऱ्या रद्दीत देण्याआधी त्याने बापाचं पान फाडून घेतलं होतं. नंतर माझा राग पाहून सांगायची त्याची छाती झाली नसेल. सात वर्षं तो ते घेऊन गावभर फिरला. मी पान होतं तसं ठेवलं आणि घरी येऊन शिरा केला. शिरा कशाबद्दल, हे त्याने विचारलं होतं. मी सांगितलं नाही.

तरी ते पान मी माझ्या पूर्ण मालकीहक्काने योगेशला देते. ते आता त्याचं आहे. लपवू नको, बाबू. घरात लाव.

आणि चालू डायरीत मी जाईन त्या तारखेचं पान त्याने सजवावं. काय चिकटवायचं ते त्याने ठरवावं, खळ मात्र स्वतः शिजवावी. सुचलं नाही, तर टिकल्या जास्त लावाव्या.

कौशल्याबाईंनी वरील मजकूर आम्हा दोघांसमोर वाचून सही केली व सहीशेजारी चमकीचं फूल चिकटवलं. ते या दस्तऐवजाचा भाग समजावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

(सही) कौशल्या सहदेव हाडोळे

साक्षीदार :
१. (सही) नत्थुजी येऊल, घरासमोरचे
२. (सही) गीतांजली भगत, वाचनालयातल्या

स्थळ : अमरावती
दिनांक : १२ जानेवारी २०२६